वापसा

माझी मुलगी झाली तेव्हा आई दवाखान्यात आली आणि तिनं बाळाच्या गालाला उलटा हात लावला. बोटं आत मुडपलेली, नखं तळव्याकडं वळलेली, आणि हाताच्या पाठीचा तेवढा भाग हलकेच गालावरून खाली. मला वाटलं, कोवळ्या लेकराला हात लावायची ही तिची रीत असेल. नंतर एकेक आठवत गेलं. आम्हा भावंडांनाही ती अशीच कुरवाळायची. ताप बघायला मनगट, डोळे पुसायला पदर, माया करायला हाताची पाठ. तळहात खरवडतो, हे तिनं कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तिनं फक्त हात उलटा केला.

तो तळहात मी पहिल्यांदा नीट उजेडात धरून पाहिला तो रेशनच्या दुकानात.

आमचं गाव अहमदपूर आणि शिरूर ताजबंदच्या मधलं, हमरस्त्यापासून आत. मी अहमदपुरात शाळेत शिकवते. आई गावाकडं असते, आमचं चार एकर रान सांभाळून वरती दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. संक्रांतीच्या महिनाभर आधीचे दिवस होते. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा लागंना. उजवा नाही, डावा नाही. मधलं बोट लावलं, करंगळी लावली. तिनं अंगठा पदराला पुसला, त्यावर फुंकर घातली, मग केसांत घासून केसांतल्या तेलाचा ओशटपणा त्याला लावून घेतला. रांगेतल्या दोघीतिघी तेच करत होत्या. हे सगळं त्यांना पाठ होतं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "मावशी, हात उललेत तुमचे. दोन दिवस तेलपाणी करा, मग या." आई रिकामी पिशवी घडी घालत म्हणाली, "येते की." तिला त्यात नवीन काही वाटलं नव्हतं.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. ज्याच्याकडं दाखवायला दुसरा कसलाच कागद नाही, त्याच्याकडं निदान स्वतःची बोटं तरी असतात, असा तो विचार होता. चांगलाच विचार होता. पण बोटांवरच्या रेघा म्हणजे कातडीचे बारीक उंचवटे, आणि उंचवटे कामानं झिजतात. कातडी कोरडी पडली की काचेवर त्यांचा ठसा तुटक उमटतो आणि मशीनला तो ओळखू येत नाही. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर आलेल्या आकड्यावरून ओळख पटवायची सोय असते, हे खरं. पण दुकानात पहिल्यांदा पुढं येतो तो अंगठाच.

त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून मी तिचा हात उताणा केला. अंगठ्याच्या मुळाशी एक भेग, आडवी, तोंड उघडलेली. तर्जनीच्या टोकावर दोन. भेगांच्या कडा कडक झालेल्या आणि आत काळी रेघ. ही काळी रेघ मळ नव्हे. घासून निघत नाही. मी म्हणाले, "दुखतंय का गं?" तर म्हणाली, "हरबरा खुडताना तेवढं झोंबतंय."

हरभरा खुडणं ज्यांना माहीत नाही त्यांना या वाक्यातलं दुखणं कळायचं नाही. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या पानांवर जे दहिवर असतं ते निव्वळ पाणी नसतं. पानांवरच्या बारीक लवेतून आम्ल पाझरतं, त्यात दव मिसळतं. त्यालाच आंब म्हणायची पद्धत. रात्री पिकावर धडुतं पसरून सकाळी पिळून ही आंब औषधाला जमवत असत. कोवळे शेंडे खुडणारी बाई ती आंब उघड्या भेगांमधून घेते. आणि आमच्याकडं खुडणीचे हे दिवस नेमके येळवसीच्या मागेपुढे येतात. येळवस, म्हणजे लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या, हा रानातला मोठा सण: भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. आदल्या रात्रीपासून बायकांचे हात पाण्यात, पिठात, ताकात. सगळा गाव रानात जेवून तृप्त होऊन परततो तेव्हा त्या जेवणाचे हात आंबटानं चरचरत असतात.

मग मी तिच्या हातांचं साल मांडून पाहिलं. दसऱ्या-दिवाळीला सोयाबीनची कापणी. वाळलेल्या शेंगांची टोकं सुईसारखी, आणि कापून उरलेली बुडखी त्याहून वाईट. मार्गशीर्ष-पौषात हरभरा. माघ-फाल्गुनात ज्वारी. रब्बीची ज्वारी आमच्याकडं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. ताटाला दोन्ही हातांची मूठ घालून मागं रेटा द्यायचा, दिवसभर. आणि त्याच सुमाराला करडई. करडईला काटे असतात, पानाच्या टोकाला आणि बोंडालाही. म्हणून ती ऊन चढायच्या आत काढतात. दवानं काटे नरम पडलेले असतात तेवढ्यात. हाताला फडकी बांधून. शिवाय बारा महिने घरचं आहेच: शेणसारवण, धुणं, ऊन पाण्यात मळलेली भाकरी आणि भांडी. लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आई पुन्हा राखेनं भांडी घासून फडक्यानं पुसायला लागली होती. राख खारट-तुरट, क्षारधर्मी. पाणी वाचलं, कातडी गेली.

या सालात हाताला सुट्टी अशी कुठं नव्हती. तरी मी त्या संध्याकाळी अहमदपुरात येऊन मेडिकलमध्ये जाऊन विचारलं, "भेगांसाठी चांगलं मॉइश्चरायझर कुठलं?" जणू कमी होती ती एका डबीचीच.

पहिल्यांदा मी महागातलं आणलं. तिच्या एका दिवसाच्या रोजाएवढी किंमत, मंद वास, बोटाला लागताच जिरून जाणारं. पंधरा दिवसांनी गेले तर डबी अर्धी झालेली आणि हात जसेच्या तसे. विचारल्यावर तिनं काही लपवलं नाही. "भाकरीला वास लागतंय माय त्याचा. इळा धरला की मूठ सटकतीय. माती चिकटून बसतीय. मग गाईचे सड उलले होते, तिला लावलं. बरे झाले बघ."

मला रागही आला नाही आणि हसूही आलं नाही. मी गोठ्यात जाऊन गाय पाहून आले. सड खरंच बरे झाले होते. पुष्कळ दिवसांनी वाचनात आलं की अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात १८९९ पासून बॅग बाम नावाचं एक मलम बनतं, हिरव्या डब्यातलं. गाईंच्या सडांना लावायला केलेलं. धार काढणाऱ्यांना दिसलं की मलम लावता लावता आपलेच हात मऊ पडतायत, आणि ते माणसांच्या हातांचं म्हणून चालू लागलं. माझ्या आईनं तीच वाट उलट्या बाजूनं चालून पाहिली होती.

पण तिनं सांगितलेली तीन कारणं मी वहीत लिहून घेतली. वास, सटकणं, माती. क्रीम कसं असावं याबद्दल नंतर मी जे काही वाचलं, त्यात तिच्या या तीन वाक्यांइतकं कामाचं थोडंच होतं. दिवसभर हातानं काम करणाऱ्या माणसाला दिवसा लावायचं क्रीम निरुपयोगी. म्हणजे ते रात्रीचंच हवं. म्हणजे ते जाड असलं, ओशट असलं तरी चालेल. आणि त्याला वास नको, कारण पहाटे पाचला तेच हात पिठात जाणार.

तळहाताबद्दल एक गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. अंगावरच्या बाकी कातडीत बारीक तेलग्रंथी असतात. त्या आपलं आपण तेल सोडत असतात. तळहातात आणि तळपायात त्या नाहीतच. घाम येतो, तेल येत नाही. म्हणजे सगळ्यात जास्त राबणाऱ्या जागेला निसर्गानं जाडी दिली, पण तेल दिलं नाही. ही वरची जाड कातडी विटांच्या भिंतीसारखी असते. सपाट मेलेल्या पेशी या विटा, आणि मधे स्निग्ध गिलावा. साबण आणि ऊन पाणी हा गिलावा धुऊन नेतात. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, सामू पाचाच्या आसपास. अंगाचा-कपड्यांचा साबण नऊ-दहाचा. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा साका हातावर राहतो तो वेगळाच. गिलावा गेला की ओल उडते, ओल उडाली की विटा आकसतात, आणि हात मिटताना जिथं वळण पडतं तिथं तडा जातो. अंगठ्याच्या मुळाशी, बोटाच्या पेऱ्यावर.

इथं एक प्रयोग सांगितला पाहिजे. १९५२ साली अर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकानं तळपायाच्या घट्ट्याची वाळलेली, कडक चकती घेतली आणि ती तेलांत, चरबीत ठेवून पाहिली. ती कडकच राहिली. पाण्यात ठेवल्यावर मात्र मऊ होऊन वाकू लागली. कातडीला मऊपणा पाण्यानं येतो. तेल तो आणत नाही. तेलाचं काम फक्त राखणीचं.

हे मी आईला सांगायला गेले आणि मला शब्द सापडेना. "आर्द्रता" म्हणाले, ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग "ओल" म्हणाले. "हाताची ओल उडती, म्हणून भेगा पडतात. मलमानं ओल येत नाही, हाय ती राहती." तिचा हात थांबला. ती ज्वारी पाखडत होती.

"म्हंजी कोळपणीवानी," ती म्हणाली.

काळ्या रानात ज्यांनी दिवस काढले त्यांना हे सांगावं लागत नाही. आमची काळी माती पाण्यानं फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून खालची उरलीसुरली ओलही उडून जाते. म्हणून रब्बी ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपं मारतात. तण निघतं, पण खरा हेतू भेगा बुजवायचा. वरची माती मोकळी होऊन भेगांत पडते आणि खालच्या ओलीवर पांघरूण बसतं. कोळप्यानं पाऊस पडत नाही. पडून गेलेला पाऊस पिकाला पुरतो.

मग तिनंच पुढचं विचारलं, जे मी सांगणार होते. "लावायचं कवा? वल्या हातावर का वाळल्यावर?"

मी म्हणाले, "वापसा आल्यावर."

आणि ती हसली. चिखल नाही, धूळ नाही. पाऊल रुतत नाही पण ढेकूळही उठत नाही, अशी जी घडी पावसानंतर येते ती वापसा. त्या घडीला पेरलं तर उगवतं. हाताचंही तसंच. कोमट पाण्यानं हात धुवायचे, टिपून घ्यायचे, दोन-तीन मिनिटांच्या आत, कातडी ओलसर असतानाच वरून लावायचं. नुसत्या सुक्या हातावर लावलं तर ती नुसत्या धुळीवरची कोळपणी. त्या एका शब्दानं इतके दिवस अडलेलं काम झालं.

आता काय लावायचं. दुकानातली फळी पाहिली तर डोळे फिरतात, पण त्या सगळ्या डब्या-ट्यूबांत कामं तीनच: ओल धरून ठेवणारं, विटांमधल्या फटी भरणारं, आणि वरून झाकणारं. कुठलीही महाग बाटली या तिघांचीच कमीजास्त मिसळ असते.

झाकणारं म्हणून पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं दुसरं मला सापडलं नाही, आणि ती आली कुठून हे कळल्यावर मला ती जास्तच जवळची वाटली. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला तेलाच्या विहिरी खणत होते. पंपाच्या दांड्यांवर एक काळपट मेणचट राप जमायचा. त्यानं यंत्र अडायचं, म्हणून मजूर तो खरवडून काढायचे आणि कापल्या-भाजल्या हातांना लावायचे. रॉबर्ट चीजब्रो नावाच्या तरुण रसायनज्ञानं ते पाहिलं, तो राप शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तेच व्हॅसलीन. उललेल्या हातांवरचा हा उपाय मुळात उललेल्या हातांनीच शोधला. त्याला वास नाही, तो बाधत नाही, स्वस्त आहे आणि वर्षभर खराब होत नाही.

आमच्या घरात तेच काम पूर्वी मेण-तेल करायचं. आजी मोहोळाचं मेण करडईच्या तेलात वितळवून वाटीत थिजवायची, पायांच्या भेगांना. वैद्य तुपाला तांब्याच्या ताटात शंभर वेळा पाण्यानं धुऊन पांढरंशुभ्र, थंडगार शतधौत घृत करतात, तेही याच घराण्यातलं. कलकत्त्याहून १९२९ पासून येणारं हिरव्या ट्यूबमधलं बोरोलीन आमच्या लहानपणी दर दिवाळीनंतर घरात असायचं. त्यात लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीची चरबी असते. करडईच्या तेलाबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं. त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर, आणि कातडीच्या विटांमधला गिलावा बनवायला शरीराला नेमकं तेच लागतं. म्हणजे जे झाड काट्यांनी बायांचे हात फाडतं, त्याच्याच बियांत हाताचा गिलावा आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे कितीतरी चांगले वाण दिले, बिनकाट्याची करडईही आता असते. तरी सोयाबीन आली आणि आमच्या शिवारातून करडई हटत हटत बांधाला लागली. आईनं अजून चार ओळी राखल्यात. त्या घरच्या तेलासाठी.

ओल धरणाऱ्यांत जुनं नाव ग्लिसरीनचं. साबण बनतो तेव्हा तेल आणि क्षार एकत्र येऊन दोन वस्तू होतात, साबण आणि ग्लिसरीन. कारखान्यात पुष्कळदा ग्लिसरीन बाजूला काढून वेगळं विकतात. हात रखरखीत करणारी वस्तू आणि तो मऊ ठेवणारी वस्तू एकाच कढईतून निघतात, आणि गरिबाच्या न्हाणीत पहिलीच तेवढी पोचते. ग्लिसरीन नुसतं चोपडू नये. आमच्या कोरड्या हवेत ते कातडीतलंच पाणी ओढतं. पाणी किंवा गुलाबपाणी मिसळून ओल्या हातावर, आणि वरून झाकण.

दुसरं नाव युरियाचं. ते ऐकून आई चमकलीच. "उसाला टाकतेत ते?" तेच. १८२८ मध्ये व्योलर या जर्मन रसायनज्ञानं प्रयोगशाळेत युरिया बनवला. पण आपल्या कातडीत तो मुळातच असतो, पाणी धरून ठेवणाऱ्या तिच्या स्वतःच्या साठ्यात. पाच-दहा टक्के युरियाचं क्रीम ओल धरतं. वीस ते चाळीस टक्क्यांचं क्रीम कडक कातडी विरघळवतं. गोणीतला युरिया मात्र हाताला लावायचा नाही, हे तिला दोनदा सांगितलं. पंचेचाळीस किलोच्या गोणीतल्या त्या दाण्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि तो पिकासाठीच असतो.

चाळीस टक्क्यांचं क्रीम आणायचा मोह मला झाला होता. लवकर मऊ झाले असते हात. तिचे घट्टे बोटानं दाबून पाहिले तेव्हा तो विचार सोडला. तर्जनीच्या कडेचा तो घट्टा, तळव्यातले चार उंचवटे, विळ्याच्या आणि खुरप्याच्या मुठीनं तयार झालेले, हे तिचं चिलखत आहे. ते विरघळवून तिला ज्वारी उपटायला पाठवणं म्हणजे अनवाणी माणसाच्या पायाची कातडी सोलून त्याला बाभळीच्या रानात चालवणं. भेग बुजली पाहिजे आणि घट्टा राहिला पाहिजे. मऊ हात हे तिचं ध्येय नव्हतं. ते माझं होतं.

म्हणून ठरलं ते एवढंच. भेगा उघड्या आहेत तोवर नुसती बिनवासाची पेट्रोलियम जेली; युरिया उघड्या जखमेत हरभऱ्याच्या आंबीसारखाच झोंबतो. भेगांची तोंडं मिटली की दहा टक्के युरियाचं क्रीम, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत ओढलेल्या रेघेएवढं एका हाताला. वरून जेली. वरून जुने सुती पायमोजे, हातांत.

या सगळ्याच्या आधी एक मोठी चूक होऊन गेली होती, तीही लिहिते, कारण ती पुष्कळांची होते. मधे कुणीतरी तिला एक ट्यूब दिली, कुठल्याशा दुकानातून, चिठ्ठीशिवाय. चार दिवसांत खाज थांबली, हात गुळगुळीत दिसायला लागले. मी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली तर ते स्टेरॉइडचं मिश्रण होतं. असली मलमं डॉक्टरनं नेमल्यापुरतीच, मोजक्या दिवसांची. मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ पडते आणि बंद केलं की दुखणं दुप्पट उसळतं. आम्ही लातूरला त्वचारोगतज्ज्ञांकडं गेलो. त्यांनी मलमाच्या आधी कामाची चौकशी केली. निंदणी करता का, गाजरगवत हातानं उपटता का, लसूण कोण सोलतं. १९५५च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा दिसलेलं हे गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आज मराठवाड्याच्या बांधाबांधावर आहे, आणि त्याची ज्यांना बाधा होते त्यांचे हात, गळा, चेहरा सोलवटून निघतात. लसणानं डाव्या हाताच्या पहिल्या तीन बोटांची टोकं फुटतात, कारण पाकळी त्यांनीच धरलेली असते. सिमेंट कालवणाऱ्यांचं वेगळं, नायट्याचं वेगळं, सोरायसिसचं वेगळं. हे निवडल्याशिवाय क्रीम निवडता येत नाही. आईचं तर्जनीचं दुखणं थोडं लसणाचं निघालं, बाकी कोरडेपणाच. गाजरगवत तिनं आता खुरप्यानं काढायचं, हातमोजे घालून, फुलावर यायच्या आत.

पण खरी अडचण पुढंच होती. मोजे हातांत घातले की पाणी पिता येत नाही, गुरांना वैरण टाकता येत नाही, दाराची कडी काढता येत नाही. माझ्या आईच्या आयुष्यात हात रिकामे असण्याची वेळच नव्हती. ती बसते तेव्हा निवडते. बोलते तेव्हा वाती वळते. झोपायला आडवी होते आणि मग उठून दूध झाकून येते. मॉइश्चरायझर कुठलं, या प्रश्नावर मी एवढी वाचत बसले, आणि अडलं होतं ते कधी, या एका शब्दावर. मलमाला तास-दोन तास निवांत हात लागतो. तो बाजारात मिळत नाही.

मी त्या जानेवारीत वीस दिवस रोज संध्याकाळी शेवटच्या गाडीनं गावाला गेले आणि पहाटेच्या गाडीनं शाळेला आले. दूध मी झाकलं, वैरण मी टाकली, कडी मी लावली. नऊ वाजता परातीत कोमट पाणी घेऊन तिच्यापुढं बसायची. पहिल्या रात्री तिनं हात मागं घेतला. "मी लावते की." मी हात धरून ठेवला. उताणा. किती वर्षांनी तिचा तळहात माझ्या हातात होता हे मला सांगता येणार नाही. बहुतेक रस्ता ओलांडायला बोट धरायचे त्यानंतर पहिल्यांदाच. वाळूच्या कागदासारखा खरखरीत, आणि गरम. भेगेच्या कडेनं जेली लावताना ती बारीक श्वास आत घ्यायची आणि म्हणायची, "हळू." तिनं कुणाला तरी "हळू" म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मोजे चढवले की ती दोन्ही हात पांघरुणावर ठेवून छताकडं बघत पडायची. हात असे ठेवायची तिला सवय नव्हती, म्हणून बोलायची. मी कधी न ऐकलेलं त्या वीस रात्रींत ऐकलं. बहात्तरच्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची होती, तिची आई खडी फोडायला जायची आणि रात्री हात तव्याच्या कडेला शेकायची. शाळेत हिला अक्षर चांगलं म्हणून पाटी मिळाली होती. लग्नात चुडा भरताना कासारणीनं हिचे हात दाबून म्हटलं होतं, पोरीचा हात लोण्यासारखा हाय.

सोळाव्या-सतराव्या रात्री अंगठ्याची भेग मिटली. काळी रेघ मात्र गेली नाही. ती कातडीबरोबर वर येऊन झडायला महिना लागतो. फेब्रुवारीत दुकानात तिचा डावा अंगठा दुसऱ्या खेपेला लागला. मशीनमधून पावती आली. तिनं ती उलटीसुलटी बघून कमरेच्या पिशवीत ठेवली, धान्याच्या पिशवीत नाही.

मग ज्वारी आली, करडई आली. मी पुन्हा अहमदपुरात, परीक्षांच्या कामात. भेगा परत येणार हे मला ठाऊक होतं आणि त्या आल्याच. मार्चमध्ये भेटले तेव्हा तर्जनी पुन्हा उललेली होती. मी काही बोलले नाही. तिनंच माझा हात धरला आणि उताणा करून बघितला. वर्षानुवर्षं खडूच्या भुकटीनं कोरडी पडलेली माझी बोटं तिनं अंगठ्यानं दाबून पाहिली, अगदी रानातली माती चिमटीत घेऊन बघतात तशी. म्हणाली, "तुझं बी वापश्याच्या पुढं चाललंय."

परवा रात्री साडेनऊला तिचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही, म्हणून मी घाबरूनच उचलला. मागं कुणीतरी बायका बोलत होत्या.

"जेवलीस का?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "येताना डबी आण. बिनवासाची, मोठी. दोन आण. शेजारच्या काकूचा तर अंगठाच ऱ्हायला न्हाई. आन् मोजे आण जुने, असतील तेवढे. आम्ही तिघी-चौघी बसायलाव इथं नवाला."